टिटवीची कापलेली दोन पानं

आमच्या लवंगीने घरातल्या कड्या काढायला सुरुवात केली, त्याला त्या दिवशी बरोबर आठवडा झाला होता. बाथरूमची कडी, कपाटाची कडी, माझ्या खोलीची कडी, एकही सोडत नव्हती. कुणी आत गेलं की ही बाहेर पहारा देत उभी, आणि आतून खट्ट आवाज आला रे आला की दोन्ही हातांनी दार बडवायची, "उघड, उघड, उघड!" त्रेसष्ट वर्षांची बाई मी, दार सताड उघडं टाकून आंघोळ करत होते. आता काय म्हणायचं याला!

लवंगी म्हणजे माझी नात, मुलीची मुलगी. वय साडेपाच. शाळेत नाव वेगळं आहे, पण जन्मल्यापासून जी तडतडत सुटली ती सुटलीच, म्हणून लवंगी. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तिच्या आवाजाला कंटाळून बेडरूम बदलली होती. आणि ही मुलगी आठवडाभर गप्प. विचारलं तेवढंच बोलायची, तेही खाली बघून.

तिची आई, म्हणजे माझी मुलगी, रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांना सुया टोचते, त्यामुळे घरी कुणी कळवळलं तरी तिला फारसं काही वाटत नाही. सकाळी डबा भरता भरता म्हणाली, "आई, तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मी पाळणाघरात जाऊन विचारून आलेय. काकू म्हणाल्या, एवढी गुणी मुलगी नाही पाहिली. हल्ली त्यांना मदतसुद्धा करते."

"मदत? ही? स्वतःची चप्पल जागेवर ठेवत नाही ही!"

"ताप नाही, खोकला नाही. दोन दिवस घरी ठेवली, बास झालं. उद्यापासून जाईल."

"नाही पाठवायचं, कळेपर्यंत नाही पाठवायचं."

"मग तूच काढून घे तिच्याकडून," असं म्हणून ती गेली. चप्पल घालताना तिने दोनदा मागे वळून लवंगीकडे पाहिलं, ते मला दिसलं. पण आमच्या घरात असलं काही बोलून दाखवायची पद्धत नाही.

म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता. मला तसंही स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना रोग. मी चहा टाकला, अर्धा प्यायले, खिडकी उघडली, लावली, आणि शेवटी लवंगीसमोर जमिनीवर बसले. माझे गुडघे असे आहेत की जमिनीवर बसणं म्हणजे बेत आखून करायचं काम. ती रंगाच्या कांड्यांवरचे कागद सोलत होती.

"लवंगे, पाळणाघरात काही झालं का गं?"

सोलणं चालूच.

"कुणी मारलं?"

मान हलली. नाही.

"मग सांग ना आजीला. मी कुणाला नाही सांगणार."

तेव्हा तिने वर पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मी टिटवी होऊ का?"

ती टिटवी माझीच आहे.

तर आता माझ्याबद्दल. मी लहान मुलांची यमकाची पुस्तकं लिहिते. तीस वर्षं लिहितेय. लोक मला लेखिका म्हणत नाहीत, "त्या गाण्यांच्या आजी" म्हणतात, चालेल. माझं सगळ्यात पहिलं पुस्तक टिटवीचं. अजूनही तेच खपतं, बाकीची त्याच्या मागे मागे जातात. ते सुरू होतं असं:

टिटवीबाई टिटवीबाई,
सांगत सुटते काहीबाही!
कुणी सांडलं, कुणी फोडलं,
हिच्या पोटात राहत नाही.

मग टिटवी सशाचं सांगते, माकडाचं सांगते, खारीचं सांगते, सगळे वैतागतात, आणि शेवटच्या पानावर:

सगळे रुसले, बोलेनात,
टिटवी रडली कोपऱ्यात.
चोच मिटून बसली तेव्हा
घेतलं तिला मग खेळात.

समोर सगळे प्राणी हात धरून गोल फिरताहेत आणि मधे टिटवी, चोच घट्ट मिटलेली, डोळे हसरे. संपलं पुस्तक. पोरं टाळ्या वाजवतात.

पण मी लिहिलं होतं तेव्हा ते तिथे संपत नव्हतं. पुढे दोन पानं होती. चित्रंसुद्धा काढून झाली होती. पण पुस्तक बसवायचं होतं सोळा पानांत, कारण मशीनवर एका कागदात सोळाच पानं निघतात, आणि दोन पानांसाठी चार वाढवावी लागतात. संपादकबाई म्हणाल्या, "इथेच थांबवू या ना. शेवट गोड आहे." मी नवीन होते. माझं नाव छापून येणार होतं. मी मान डोलावली. घरी येताना बसमध्ये मला एकदा वाटलं होतं की आपण काहीतरी उलटंच सांगून बसलोय. मग पुस्तक छापून आलं, मुखपृष्ठावर माझं नाव होतं, आणि मी ते विसरून गेले. खोटं कशाला बोलू, सपशेल विसरले.

"अगं लवंगे, टिटवीची गोष्ट तिथे संपतच नाही," मी म्हटलं. "पुढे साप येतो."

"साप नाहीये."

"आहे गं. ऐक." आणि मी तिला ती दोन कडवी म्हणून दाखवली. इतक्या वर्षांनी सुद्धा अडखळले नाही.

तिने नीट ऐकलं. मग उठली, कपाटातून पुस्तक आणलं, शेवटचं पान उघडलं, त्याच्या मागे काय आहे ते पाहिलं. मागे कव्हर होतं. "पुस्तकात नाहीये," ती म्हणाली. "तू आत्ता बनवलंस. तू बनवतेसच."

बरोबरच आहे, मी बनवतेच! दात घासायचं गाणं, नखं कापायचं गाणं, तिच्यासमोर उभ्या उभ्या शंभर बनवली असतील. मी कागदावर लिहून दिलं. म्हणाली, "हे तुझं अक्षर आहे." मग घरातल्या प्रिंटरवर काढून दिलं. तिने तो कागद पुस्तकाशेजारी धरला, बोटाने दोन्ही चोळून पाहिले आणि मला परत दिला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन कपाटाची कडी काढून आली.

मुलांना छापलेलं खरं वाटतं. आजी चुकते, आई ओरडते, पुस्तक मात्र रोज तेच सांगतं. हे मी भाषणांतून किती वेळा सांगितलंय आणि टाळ्या घेतल्यात! आता ते माझ्याच अंगावर आलं होतं. मी शेजारच्या बाईंना लवंगीजवळ बसवलं आणि पर्स उचलून निघाले.

प्रकाशनाच्या ऑफिसात गेले तेव्हा संपादकबाई नवीन आवृत्तीचे कागद तपासत बसल्या होत्या. कसले, तर टिटवीचेच. एकतिसावी आवृत्ती, दुपारी मशीनवर चढणार. त्या आता सत्तरीच्या आहेत, चष्म्यावर चष्मा लावतात. मी धापा टाकत सगळं सांगितलं. कड्या, टिटवी, सगळं.

"बसा आधी. पाणी घ्या."

"नको पाणी. ती दोन पानं घाला. या आवृत्तीत घाला."

"असं कसं घालू? लोकांना पाठ आहे ते पुस्तक. शाळा मागवतात, पाळणाघरं मागवतात. परवा एका मुख्याध्यापकांचं पत्र आलंय. टिटवी वाचायला लागल्यापासून वर्गातल्या तक्रारी निम्म्यावर आल्या म्हणे."

"तक्रारी निम्म्यावर आल्या, का मारामाऱ्या?"

त्यांनी हातातले कागद नीट रचले. मग म्हणाल्या, "आवाज चढवू नका. तेव्हा तुम्हीच हो म्हणाला होतात."

"म्हणाले होते! चुकले मी! आता नाही म्हणतेय, तर ऐकू येत नाही का तुम्हाला?" शेजारच्या खोलीतला टाइपिंगचा आवाज थांबला. मला त्याची पर्वा नव्हती.

"एका मुलीपायी तीस आवृत्त्या चुकल्या असं म्हणायचं?"

"हो."

त्यांनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. बाई वाईट नाहीत. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी आजारी होते, तेव्हा रोज डबा घेऊन यायच्या. आताही त्यांनी दोन्ही चष्मे पदराने पुसून परत चढवले. मग खणातून एक किल्ली काढून माझ्यापुढे सरकवली. "जुनी चित्रं खालच्या कपाटात आहेत. बाइंडरकडून एक प्रत हवी तशी करून घ्या. मशीनवरच्या छपाईला मात्र हात लावू देणार नाही मी."

एक तर एक. भांडायला वेळ कुठे होता! मी जिना उतरले.

पिवळ्या पडलेल्या पाकिटात ती दोन चित्रं होती. साप, सशाचं बीळ, आणि आ वासून ओरडणारी टिटवी. चोच इतकी उघडी की घसा दिसतोय. मी ती बघितली आणि मला स्वतःचा असा राग आला की विचारू नका. एवढी चांगली टिटवी कपाटात घालून ठेवली होती आम्ही.

बाइंडर म्हातारा आणि तिरसट आहे, माझं त्याच्याशी चांगलं जमतं. त्याने एक तयार प्रत घेतली आणि मधल्या पिना उचकटल्या. "बाई, पुस्तक म्हणजे कागदाची घडी असते. दोन पानं नाही वाढत, चारच वाढतात. बाहेरून गुंडाळतो. दोन मागे जातील, दोन पुढे. पुढच्या दोनांवर काय?"

"कोरी सोडा. आणि कागद तोच हवा हं. ती चोळून बघते."

"कोण?"

"माझी नात."

"मग मशीनवरचाच ताव घेतो," असं म्हणून तो खरंच वरून ताव घेऊन आला. चित्रं त्यावर रंगीत काढून घेतली, ओळी त्याच अक्षरात जुळवल्या. त्याने घडी घातली, जुन्याच भोकांतून नव्या पिना मारल्या, कडा कापल्या. मी तोवर त्या खोलीत किती फेऱ्या मारल्या कुणास ठाऊक. शेवटी तो ओरडला, "अहो बसा ना कुठेतरी, माझा हात हलतोय!"

तीनला घरी पोचले. पुस्तक लवंगीच्या हातात दिलं आणि गप्प बसले. मला गप्प बसणं किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा.

तिने आधी पिना मोजल्या. कागद चोळला. वास घेतला. पहिली दोन पानं उलटली. "ही कोरी का?"

"तुझं नाव लिहायला."

मग एकेक पान उलटत, ओठ हलवत, शेवटाला आली. टिटवी मधे, सगळे गोल. तिने पान उलटलं.

साप आला सळसळ करत,
सशाच्या बिळाकडे सरत.
टिटवी बघते, टिटवी गिळते,
शब्द घशातच राहतो फिरत.

मी वाचत होते, ती चित्र बघत होती. पुढचं पान तिनेच उलटलं.

ओरडली ती, उठलं रान,
वाचली सशाची पिल्लं लहान.
ससा म्हणाला, "टिटवीबाई,
बोल गं बाई, देतो कान."

खूप वेळ ती त्या उघड्या चोचीवर बोट फिरवत राहिली. "काकूंच्या पुस्तकात आहेत ही पानं?"

"नाहीत. छापतानाच कापली."

"कुणी?"

"दुसऱ्यांनी कापली. पण मी हो म्हटलं म्हणून कापली. चुकलंच माझं."

ती विचारात पडली. "म्हणजे काकूंना माहीतच नाहीये," असं स्वतःशीच म्हणाली. आणि मग विचारलं, "आजी, टिटवीनेच कडी लावली असेल तर? तरी ससा तिच्याशी बोलेल?"

"बोलेल," मी म्हटलं.

मग ती बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबेना. पाळणाघरात एक छोटी आहे, तीन वर्षांची. बाबा सोडून गेले की ती रडते. खूप रडते. मग काकू तिला बाथरूममध्ये ठेवतात आणि दिवा बंद करतात. काकूंच्या हातात दुसरं बाळ असतं, म्हणून कडी लवंगीने लावायची. तिचाच हात पोचतो. रडणं थांबलं की काकू सांगतात, मग उघडायची. एकदा तिने आधीच उघडली तर काकू म्हणाल्या, आता तू जा आत. नंतर कधीच नाही उघडली. जेवण झाल्यावर काकू रोज टिटवी वाचतात आणि सगळ्यांना विचारतात, आपल्यात टिटवी कोण आहे? कुणीच नाही म्हणायचं.

"ती आतून माझं नाव घेते," लवंगी म्हणाली. "काकूंचं नाही घेत. माझं घेते."

मी तिला जवळ ओढली आणि रडले. लपवून नाही, चांगलं मोठ्यांदा रडले. तीही रडली. शेजारच्या बाई पदर डोळ्याला लावून उठून गेल्या. मग मी लॅबमध्ये फोन केला. माझी मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "येते." रिक्षाही न बघता धावत आली, हातात अजून ते पातळ हातमोजे होते.

पाच वाजता, मुलं न्यायच्या वेळी, आम्ही तिघी पाळणाघराच्या दारात होतो. बुटांची रांग, भिंतीवर फळांचे तक्ते, दुधाचा आणि फिनेलचा वास. मी वाटेतच काय काय बोलायचं ते जुळवत आले होते. पण लवंगीने माझा हात सोडला आणि सरळ एका माणसापुढे जाऊन उभी राहिली. छोटीचा बाप होता तो, बसचा ड्रायव्हर, खाकी गणवेशात, एका हातात छोटीची पिशवी आणि कडेवर छोटी.

"तुमची छोटी रडली की तिला बाथरूममध्ये बंद करतात," लवंगी म्हणाली. तिचा तो जुना आवाज, वरच्या मजल्यापर्यंत जाणारा. "अंधारात. कडी मी लावायचे."

सगळं पाळणाघर थांबलं. ड्रायव्हरला आधी कळेचना. तो हसला, मग काकूंकडे पाहिलं, आणि त्याचं हसू गेलं.

"अहो, दोनच मिनिटं हो," काकू घाईघाईने म्हणाल्या. "सवय लागेपर्यंत. आणि पोरं काय, काहीही जाऊन सांगतात. म्हणून तर रोज वाचून दाखवते मी हे." त्यांनी खरंच फळीवरून पुस्तक काढून पुढे धरलं. कडा झिजलेल्या, कव्हरला चिकटपट्टी लावलेली. माझी मुलगी पुढे झाली आणि इतक्या थंड आवाजात बोलायला लागली की काकू भिंतीला टेकल्या. ती काय बोलली ते मला आठवत नाही, कारण मी ड्रायव्हरकडे बघत होते. त्याने पिशवी खाली ठेवली, लवंगीच्या डोक्यावर हात ठेवून "सांगितलंस ते बरं केलंस, बाळा" म्हणाला, आणि काकूंच्या हातातून पुस्तक घेतलं. उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं.

"कुणी लिहिलंय हे?" त्याने विचारलं. कुणालाच असं नाही, सगळ्यांनाच.

माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मी गप्प राहिले असते तर तिने मला वाचवलं असतं.

"मी," मी म्हटलं.

तो ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आमच्या घरी पण आहे," तो म्हणाला. "मीच आणलंय. तिला आवडतं म्हणून रोज मीच वाचतो. ती शेवटी टाळ्या वाजवते." एवढं बोलून त्याने छोटीचं तोंड आपल्याकडे वळवलं. "बेटा, सांग. काकू कोंडतात तुला? बाबाला सांग."

छोटीने बापाच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, आणि पंजा उघडून आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

मी तिच्यासमोर गेले. "अगं, ते चुकीचं लिहिलंय," मी म्हटलं. "आजीने चुकीचं लिहिलंय. तू बोल. बोल ना गं, राणी." आणखी काय काय म्हणत राहिले. तीस वर्षं मुलांसाठी लिहिते मी, पण तेव्हा दोन ओळी धड जुळवता येईनात.

तिने हात काढला नाही.